ताणावरची बाग

या, जरा पुढं सरका. मागं खांबाला टेकून बसलेत त्यांनाही हाक मारा. टाळकऱ्यांनी टाळ खाली ठेवलेत, बुवांना कीर्तनाला उभं राहायला अजून घटकाभर अवकाश आहे. तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. एका भरलेल्या विहिरीची गोष्ट आहे, आणि तिच्या काठावर तहानेनं सुकत उभ्या राहिलेल्या बागेची. ऐकताना तुमच्या जिवाला स्वस्थता राहिली नाही तर मला बोल लावू नका. जिची गोष्ट आहे तिलाही त्या दिवसांत स्वस्थता नव्हती.

जालन्याच्या कारखान्यांच्या पाठीमागून एक नाला निघतो. तो खडकनेरच्या शिवाराला वळसा घालतो तिथं बद्रीनाथची मोसंबीची बाग. घरात माणसं चार. बद्रीनाथ, त्याची बायको पुष्पाबाई, मुलगा कल्याण आणि सून दैवशाला.

मोसंबीला बहार धरायचा तर आधी तिला उपाशी ठेवावं लागतं. थंडी पडली की पाणी तोडायचं. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड हिरमुसून उभं राहतं. परका माणूस म्हणेल, मेलं. याला ताण म्हणतात. मग संक्रांतीच्या सुमारास ताण तोडायचा. आळी भरभरून पाणी द्यायचं, की झाड दचकून जागं झाल्यासारखं पांढरं फुलतं. मात्र ताण लांबला तर शेंडे वाळायला लागतात, आणि वाळलेल्या शेंड्याला पुन्हा पालवी नाही.

संक्रांत होऊन गेली होती. विहीर अर्ध्याच्या वर भरलेली होती. आणि पाणी सोडायची छाती होत नव्हती.

त्याला कारण होतं. मागच्या सालीही विहिरीला असंच पाणी होतं. बद्रीनाथनं नाल्याकडच्या ओळींना ते सोडलं. पंधरवड्यात पानांच्या कडा जळाल्या, उन्हाळ्यात साली उकलल्या, पावसाळ्यात ती झाडं चुलीत गेली. पाणी उपसताना साफ दिसायचं. बादलीत घटकाभर ठेवलं की तांबूस व्हायचं, बुडाशी गाळ बसायचा. गाय तोंड लावायची, फुर्र करून मान फिरवायची. घरात प्यायचं पाणी शेजारच्या रहिमाबीच्या बोअरवरून यायचं. तिचं रान चढावर, नाल्यापासून लांब.

आणि ते पाणी कुठून बिघडतं हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण कल्याण तिथंच कामाला होता. वरच्या अंगाला तारेचा कारखाना. कल्याण गंज उतरवायच्या टाक्यावर. तारेची वेटोळी अॅसिडात बुडवायची, वर काढायची, धुवायची, पुन्हा पुढची. त्याच्या पँटींना मोहरीएवढी भोकं पडायची. पुष्पाबाई ठिगळ लावायची, ठिगळालाही भोकं पडायची. नखं पिवळी झालेली, आणि सकाळी उठला की आधी खोकला, मग चूळ.

बद्रीनाथ प्रदूषणवाल्यांच्या ऑफिसात जाऊन आला त्या दुपारी पुष्पाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"काय म्हनले?" तिनं विचारलं.

"नंबर लागंल म्हनले."

"कशाचा?"

"कारखान्यायचा. कारखाने ढीगभर, अन् तपासायला माणसं दोन-चार. म्हनून आधी कुठं जायाचं त्याची यादी हाय. आता ती यादी कशी करत्यात, इचार."

"कशी?"

"कारखानाच दर साली लिहून देतो, आम्ही एवढी घाण बाहीर सोडली म्हनून. ज्यानं जास्त लिहिली त्याच्याकडं आधी जायाचं." बद्रीनाथ हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. "आपलावाला लई साधू. त्यानं चिमूटभर लिहिलीय. त्याचा नंबर पार खाली. म्हंजे चोराला इचारायचं, बाबा किती चोरलं? अन् जो खरं बोलंल त्याच्या घरी फौजदार आधी!"

कल्याण रात्रपाळी करून आला होता, ओसरीवर पडला होता. तो उठून बसला. "बा, तुमी पुन्हा गेल्ते तिकडं?"

"गेल्तो."

"त्याचं मीठ खातो आपन."

"मीठ? हाताकडं पाय तुझ्या. मीठ खातो का तेजाब पेतो?"

"कारखाना बंद पडला तर काय खाचाल? वाळलेली बाग?"

"बागच ऱ्हायली न्हाई तर तू तरी किती दिस पुरनार हायस? खोकून खोकून बरगड्या मोजता येऊन राह्यल्या."

दैवशाला आतून आली, दोघांच्या मध्ये चहाचे कप ठेवून गेली. पुष्पाबाई सूप घेऊन उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठून बागेकडं गेली. शेंड्याची एक काडी मोडून पाहिली. आत अजून हिरवट होती. तिनं दुसरी मोडली. मग स्वतःचाच हात धरावा तसा पदर घट्ट धरून परत आली.

आठवडा असाच गेला. बद्रीनाथ आणखी एकदा गेला, आणि आला तो भाड्याच्या जीपमधून उडी मारूनच.

"पुष्पे, एक नवी म्याडम आलीय. तृप्ती नाव. तिनं मला खुर्ची देली!"

खुर्चीचं त्याला एवढं अप्रूप, की मुद्द्यावर यायला वेळ लागला. या मॅडमनं यादी उलटीसुलटी करून पाहिली होती. सगळ्या कारखान्यांची एकच रांग लावायच्या ऐवजी तिनं एका जातीचे कारखाने एकमेकाशेजारी मांडले. तारेवाले तारेवाल्यांत. प्रत्येकानं तार किती काढली, अॅसिड किती विकत घेतलं, आणि वापरून झालेलं किती बाहेर दिलं. बाकीच्यांचे आकडे एकमेकांच्या जवळपास. कल्याणच्या कारखान्याचाच आकडा तळाला. अॅसिड तर सगळ्यांइतकंच घेतलेलं.

पुष्पाबाईला ते लगेच कळलं. "म्हंजे मनभर ज्वारी पाखडली अन् म्हनतो कोंडा निघालाच न्हाई."

"बराबर! तिनं हेच इचारलं, कोंडा कुठं गेला? म्हनली, काका, आता आमी जास्त सांगणाऱ्याकडंच आधी जानार न्हाई, लई कमी सांगणाऱ्याकडंबी आधी जानार. बुधवारी येती. आधी आपल्या विहिरीवर, मंग नाल्यानं वर वर चालत कारखान्यात."

इतकं सांगून त्यानं गप्प बसायला हवं होतं. पण खुर्ची मिळालेला माणूस, तो पारावरच्या हॉटेलात गेला आणि चहा पिता पिता चार लोकांत बोलला, "येनार हाय बाई बुधवारी. आता पाहा." पारावरचं बोलणं कारखान्याच्या फाटकापर्यंत जायला किती वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी कल्याण घरी आला तो चुन्यानं पांढरा झालेला. "भिताडाला चुना मारून राह्यले," तो म्हणाला, आणि बापाकडं न बघता जेवला.

आता मंगळवारचं ऐका, कारण चूक झाली ती मंगळवारी, आणि ती आपल्यासारख्याच माणसांच्या हातून होते.

पुष्पाबाईच्या मनात एक सल होता. दोन सालांमागं असेच एक साहेब नाल्यावर आले होते. गाडीतून न उतरता काच खाली करून म्हणाले होते, "तुम्ही लोकच नाल्यात घाण करता आणि कारखान्यांची नावं सांगता." तेव्हा पुष्पाबाई काठावर धुणं धूत होती. साऱ्या बाया तिच्याकडं बघत होत्या. ते बोलणं तिच्या अंगाला चिकटलं ते निघालंच नाही. पाहुणा यायचा म्हटलं की आपण काय करतो? सप्ताह बसायचा असला की आठ दिवस आधी गल्ली झाडतो, सडा टाकतो, वीणा ठेवायची जागा शेणानं सारवतो. घर स्वच्छ असलं तर देव बसतो, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. मंगळवारी सकाळपासून तिला एका जागी बसवेना. अंगण झाडलं, गोठा झाडला, विहिरीचा कठडा धुतला. तरी हात थांबेनात. मग ती चिंचेचा गोळा, विटेचा चुरा आणि तारेचा ब्रश घेऊन नाल्यात उतरली.

नाल्याच्या त्या वळणावर दगडांवर तांबडा थर चढलेला होता, जखमेवर धरते तशा खरपुडीसारखा. पाणी आटलेलं, थर उघडा पडलेला. ती उकिडवी बसली आणि एकेक दगड घासायला लागली, तांब्याची भांडी घासावीत तसे. चिंचेनं थर सुटत होता. हाताची कातडी सोलवटत होती. मेलेली बेडकं, काळं पडलेलं गवत, सगळं तिनं टोपलीत भरलं आणि लांब नेऊन टाकलं.

रहिमाबी पाण्याची घागर द्यायला आली ती काठावरच थबकली. "अगे पुष्पा, नाल्याच्या फत्तराला कोन घासता गे? भूत लागलं का?"

"साहेबीण येनार हाय उद्या. बाईमाणूस. बाईची नजर आधी घाणीवर जाती."

"मंग मलाबी दे एक ब्रश." रहिमाबीनं सलवार वर खोचली आणि पाण्यात उतरली. दोघी ऊन कलेपर्यंत घासत होत्या. रहिमाबी म्हणाली, "अल्ला कसम, माझ्या निकाहलाबी घर इत्तं चमकलं न्हवतं." दोघी हसल्या. त्या आठवड्यात त्या घरादाराला आलेलं तेवढंच हसू.

बुधवारी तृप्ती मॅडम आली. तिशीची असेल, पायात बूट, खांद्याला पिशवी, बरोबर एक शिपाई. पुष्पाबाईनं हळदीकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला. तेवढ्यात कारखान्याची गाडीही आली. त्यातून राधेश्याम उतरला, तिथला मॅनेजर. गोरापान, हसतमुख, बोलणं तुपात भिजवलेलं. त्याच्या मागून, मान खाली घालून, कल्याण. वाट दाखवायला म्हणून त्याला आणला होता. खरं म्हणजे मुलगा कुणाचा हे ठाऊक होतं म्हणून.

"म्याडम, आपणच येणार म्हणून कळलं," राधेश्याम म्हणाला. "म्हटलं, मीही सोबत यावं."

मॅडमनं विहिरीच्या पाण्यात कागदाची पट्टी बुडवली, रंग पाहिला, बाटल्या भरल्या. राधेश्यामनं मान डोलावली. "विहीर खराब आहे, वाईट वाटतं. पण नाल्यावर कारखाने कितीतरी. आणि बाग तर पिवळी दिसणारच. ताणावर आहे ना, काका?"

बद्रीनाथला मान हलवावी लागली. ताणावर होतीच. खरं होतं ते.

मग सगळे नाल्यात उतरले. राधेश्यामच्या कारखान्यानं दोन दिवस थेंब सोडला नव्हता. होतं तेवढं पाणी नितळ वाहत होतं. आणि दगड? दगड उन्हात चकचकत होते.

तृप्ती मॅडम वळणावर उभी राहिली. वर पाहिलं, खाली पाहिलं. वरच्या अंगाला दगड काळे, शेवाळलेले, जसे असतात तसे. खालच्या अंगाला दगडच नव्हते, नुसती वाळू. मधला तुकडा तेवढा स्वच्छ.

"मावशी, हे दगड कोणी धुतले?"

पुष्पाबाई पुढं झाली. तोंडावर कौतुकाची वाट बघणारं हसू. "म्याच. म्या अन् रहिमाबीनं. तांबडं लई चढलं होतं, चिंचेनं काढलं. तुमी येनार म्हनून."

शिपायानं दुसरीकडं तोंड फिरवलं. बद्रीनाथ होता तिथंच खाली बसला आणि त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली. मॅडमनं डोळे मिटले, उघडले. "मावशी, तो थरच मला पाहिजे होता. तो कुठून सुरू होतो, त्यावरून पाणी कुठून येतं ते कळलं असतं. तो खरवडून मी बाटलीत भरला असता."

"मी तेच म्हणत होतो," राधेश्याम मऊपणानं म्हणाला. "गाव स्वच्छ, नाला स्वच्छ. तक्रार कशाची?"

पुष्पाबाईनं आपल्या हातांकडं पाहिलं. सोललेली बोटं. तिला आधी काही कळलंच नाही, आणि मग सगळं एकदम कळलं. बागेकडं बघायची हिंमत होईना.

मॅडम कल्याणकडं वळली. "तुम्ही टाक्यावर काम करता? वापरून झालेलं अॅसिड कुठं जातं?"

राधेश्याम म्हणाला, "सांग कल्याण, न घाबरता सांग."

"ट्यांकर येतो," कल्याण म्हणाला. पाठ केलेलं वाक्य होतं, एका दमात बाहेर पडलं. "ट्यांकर घेऊन जातो. बाहीर काही जात न्हाई." आणि खोकला आला. तो वाकून खोकत राहिला.

"किती दिवसांनी येतो टँकर? कारण तुमच्या मालकांनी कळवलंय त्यावरून तर वर्षातून एखादाच यायला पाहिजे."

कल्याणनं राधेश्यामकडं पाहिलं. मॅडमनं पुन्हा विचारायला तोंड उघडलं, तेव्हा पुष्पाबाई मध्ये आली. पाण्यातून, चपला भिजवत.

"बाई, त्याला नका इचारू." तिनं हात जोडले. "त्याच्या पोटावर येतं. लेकराला बापाच्या अन् मालकाच्या मधी उभं करू नका. चुकलं ते माझं चुकलं, दगड म्या धुतले. बाग जाती तर जाऊ द्या. झाडं हायती, पुन्हा लावता येत्यात. तुमी तिळगूळ खाल्ला, आता घरी जा बाई."

बद्रीनाथनं टोपी वर करून बायकोकडं पाहिलं. ती बाग त्याच्याइतकीच तिनंही लावलेली होती. दैवशाला लग्न होऊन आली त्या उन्हाळ्यात सासू-सुनेनं कळशीनं पाणी घालून जगवलेली. ती असं म्हणेल हे त्याला स्वप्नातही वाटलं नसतं.

कल्याणचा खोकला थांबला होता. तो आईकडं बघत होता. तिच्या बोटांकडं, ओल्या लुगड्याकडं. राधेश्याम म्हणाला, "चला म्याडम, उन्हं चढली. कारखान्यात चहा सांगितलाय."

"म्याडम," कल्याण म्हणाला. आवाज इतका बारीक की राधेश्यामला ऐकूच गेला नाही. मग मोठ्यानं, "म्याडम! इकडं या."

तो काठ चढून गेला, बेशरमाच्या जाळीत घुसला, आणि दोन्ही हातांनी ती दाट झुडपं फाकवली. मागं मातीत काळ्या पाइपाचं तोंड होतं, मनगटभर जाडीचं. त्याच्या ओठाला तांबडी खरपुडी.

राधेश्यामचं तूप थिजलं. "हा शेताचा पाइप असेल कुणाच्या तरी."

"शेताचा न्हाई," कल्याण म्हणाला. "धुवायच्या टाक्याच्या मागं कॉक हाय, पत्र्याखाली. पाऊस पडला का सोडतो, न्हाईतर शुक्रवारी रात्री. म्याच सोडतो. या हातानं." त्यानं हात पुढं केला, कुणाला दाखवायला नव्हे, फक्त तो हात आता कुठं ठेवावा ते त्याला कळत नव्हतं.

"कल्याण," राधेश्याम हळू आवाजात म्हणाला, "उद्यापासून येऊ नको."

"न्हाई येत."

मॅडमनं पाइपाचे फोटो घेतले, खरपुडी खरवडून बाटलीत भरली, आणि चहाची वाट न बघता सरळ टाक्यामागच्या पत्र्याशी जाऊन उभी राहिली. कॉक तिथंच होता.

पुढं काय झालं म्हणाल, तर कारखाना बंद पडला नाही. मॅडमचं म्हणणं होतं, टाळं ठोकून पन्नास चुली विझवण्यापेक्षा घाण जन्मालाच येऊ नये हे बघा. पाइप उपटला. वापरलेलं अॅसिड बंद टाकीत साठवून पुन्हा कामात घ्यायचं, धुण्याचं पाणी फिरवून वापरायचं, असा हुकूम निघाला आणि अधूनमधून ती स्वतः येऊन बघते. कारखान्यात कामगार आहेत तेवढेच आहेत. एक सोडून.

विहीर लगेच सुधारत नाही. तिला काही पावसाळे लागतील. रहिमाबीचा मुलगा सोहेब यानं त्या बुधवारीच बोअरपासून बागेपर्यंत पाइप अंथरला. बोअरला पाणी किती असणार? चढाकडच्या अर्ध्या बागेचा ताण तुटला, उरलेली अर्धी तशीच राहिली. काय वाचवायचं आणि काय सोडायचं ते पुष्पाबाईनं ठरवलं. ओळीच्या तोंडाशी उभी राहून, पाण्याला बांध घालून. पलीकडच्या झाडांकडं तिनं पाठ केली ती काम संपेपर्यंत वळली नाही.

अर्धी बाग फुलली. वास असा, की गाडीवाटेनं जाणारा माणूस थांबावा. बद्रीनाथ प्रत्येक झाडापाशी जातो, काही बोलतो, पुढच्या झाडापाशी जातो. घरातलं कुणी अजून एका जागी स्वस्थ बसत नाही. कारण आसपासच्या कुठल्याही कारखान्यानं कल्याणला कामावर घेतलं नाही. ज्यानं पाइप दाखवला त्याला टाक्यावर कोण उभं करणार? तो आता आष्टीकडं एका कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी उचलतो. पंधरा दिवसांनी एकदा घरी येतो. पुष्पाबाई त्याच्या पँटी तपासते. भोकं पडत नाहीत आता. पण रुईचा धुरळा छातीत बसतो, खोकला काही गेला नाही.

म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे, मायबाप हो. हात जोडाल तेव्हा आपल्या लेकराबाळांसाठी मागतोच आपण. त्यात एक नाव जास्तीचं घ्या. खडकनेरच्या पुष्पाबाईच्या कल्याणला आठवा.